पोटातलं लेबल

खटपट्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायकोही चारचौघांत "आमचे खटपटे" म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. बिघडलेला प्रिंटर उघडून बसला की त्याला तहानभूक आठवत नसे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर पोट उघडून ठेवलेले प्रिंटर. गिऱ्हाईक आलं तर बसायला एक स्टूल होतं, पण त्यावरही बहुधा एखादा प्रिंटरच असायचा.

दुपारी मेहुणीचा फोन आला. ती मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत मुख्य तंत्रज्ञ होती. एरवी तिचा फोन म्हणजे आधी त्याची चेष्टा, मग बहिणीची चौकशी आणि शेवटी कामाचं. आज तसं काही नव्हतं.

"भाऊजी, लेबलांचा प्रिंटर गेला. जळाल्याचा वास येतोय. असाल तसे या."

"छपाईचं हेड जळलं असणार. त्याचं हेड आता मिळत नाही कुठे."

"नवा प्रिंटर आणून ठेवलाय स्टोअरवाल्यांनी. पण तो आमच्या प्रोग्रामशी बोलत नाही. या ना लवकर."

खटपट्याने पिशवीत पाने, केबली आणि बॅटरी कोंबली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि निघाला.

रक्तपेढी इस्पितळाच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला होती. आत शिरलं की आधी स्पिरिटचा वास आणि मग मोठ्या शीतकपाटांची घरघर. मेहुणी एकटीच होती. तिचे दोन्ही सहकारी रक्तदान शिबिराला गेले होते. टेबलावर ट्रेमध्ये रक्ताच्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या. गट तपासून झालेले, निकाल संगणकात चढवलेले. फक्त लेबल तेवढं लागायचं बाकी होतं.

"हे बघा," ती म्हणाली. "सगळं तयार आहे आणि सगळं अडलंय. लेबल असलेला ओ निगेटिव्हचा साठा सकाळीच संपला. ट्रेमध्ये एक पिशवी आहे ओ निगेटिव्हची, पण लेबलाशिवाय मी ती वर पाठवू शकत नाही. आणि प्रसूतिविभागात एक बाई आहे, तिचं काही खरं नाही म्हणतायत. कधीही मागतील."

"हाताने लिही की."

"बंदी आहे. मागे एकदा सहाचा शून्य वाचला कोणीतरी. तेव्हापासून छापील लेबलच लागतं."

ओ निगेटिव्ह म्हणजे काय ते खटपट्याला तिच्याकडूनच कळलं होतं. रुग्णाचा गट जुळवून बघायलाही सवड नसते तेव्हा देतात ते रक्त. कोणालाही चालतं म्हणून ते आधी संपतं.

तो संगणकासमोर बसला. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, माउसला काही कामच नाही. हा प्रोग्राम लिहिणारा माणूस केव्हाच परदेशी गेला होता. पण सगळ्या रक्तदात्यांची जंत्री त्यातच होती, म्हणून त्याला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. नवा प्रोग्राम येणार असं दरवर्षी सांगितलं जाई आणि दरवर्षी तो पुढच्या वर्षावर ढकलला जाई.

अडचण काय आहे हे खटपट्याला चटकन कळलं. जुन्या प्रोग्रामला प्रिंटरकडे जायची एकच वाट ठाऊक होती, संगणकाच्या मागचं रुंद, भोकाभोकांचं जुनं पोर्ट. जे छापायचं ते तिथे नेऊन ओतायचं, बस. नवा प्रिंटर लागला होता यूएसबीला. संगणकाला तो दिसत होता, पण प्रोग्रामला तो आहे याचाच पत्ता नव्हता.

"होईल का?" मेहुणीने विचारलं.

"होईल. आपण घर बदललं की पोस्टात सांगून ठेवतो ना, जुन्या पत्त्यावर आलेलं नव्या पत्त्यावर पाठवा म्हणून? तसं संगणकाला सांगायचं. जुन्या पोर्टाच्या नावाने काहीही आलं की गुपचूप या प्रिंटरकडे वळव."

सांगायला सोपं होतं. पहिल्यांदा प्रोग्रामने प्रिंटर तयार नाही म्हणून तक्रार केली. खटपट्याने प्रिंटरला नवं नाव दिलं, काळ्या खिडकीत वळवणीचा हुकूम टाइप केला, पुन्हा करून बघितलं. आता प्रिंटर हलला, पण लेबलावर उमटली ती नुसती चित्रविचित्र चिन्हं. मेहुणीने ते लेबल उलटंसुलटं करून बघितलं आणि कचऱ्यात टाकलं.

"फक्त साधी अक्षरं घे असं सांगायला हवं त्याला," खटपट्या पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम जमला होता, तोही इतक्या गार खोलीत.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी नुसतं "हो, हो" करत राहिली. रिसीव्हर ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

"तिला शस्त्रक्रियागृहात घेतलंय. बाळ बाहेर आलंय, ठीक आहे. पण रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह लगेच पाठवा म्हणतायत. भाऊजी, काय ते करा."

"आता दे पहिली पिशवी."

तिने ट्रेमधल्या पहिल्या पिशवीचा क्रमांक टाकून छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला आणि एक लेबल बाहेर आलं. कोरं.

"अरे देवा," मेहुणी म्हणाली.

"गिळलं त्याने. होतं असं पहिल्यांदा. परत दाब."

तिने परत दाबलं. या वेळी लेबल आलं ते स्वच्छ, ठसठशीत, काळंभोर. क्रमांक, गट, तारीख, सगळं जागच्या जागी. मेहुणीने खोल श्वास सोडला. खटपट्याने खांदे सैल केले. कोऱ्या लेबलाचा विचार दोघांच्याही डोक्यातून गेला.

"एकेक करत बसू नकोस," तो म्हणाला. "ती ओ निगेटिव्हची तेवढी काढ."

"नाही. ट्रेच्या क्रमानेच घ्यायचं असा नियम आहे. उगाच मधली उचलायची नाही. ती लांब नाही, येईलच. तुम्ही पडद्यावरचं वाचा, मी पिशवी बघते. एरवी हे दोघांनी करायचं असतं, आज तुम्हीच दुसरे."

खटपट्या पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने वाची. मेहुणी पिशवीवरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेला तात्पुरता क्रमांक बघून "बरोबर" म्हणे, बटण दाबे, बाहेर आलेलं लेबल सोलून त्या चिकटपट्टीवरच घट्ट बसवी. वाचलं, बघितलं, दाबलं, चिकटवलं. दोघांची लय जमली. ओ निगेटिव्हची पाळी आली, लेबल लागलं, पुढच्याही दोन पिशव्या झाल्या, तेवढ्यात वॉर्डमधून धावत आलेल्या मदतनिसाने ओ निगेटिव्हचं लेबल बघून पिशवी उचलली, डब्यात घातली आणि तो तसाच धावत गेला. राहिलेला ट्रेही त्यांनी त्याच सपाट्यात संपवला आणि पिशव्या शीतकपाटात ठेवल्या.

"सुटलो," मेहुणी खुर्चीत बसत म्हणाली. "ताईला सांगते, आज तुझ्या नवऱ्याने लाज राखली."

खटपट्या हसला आणि केबली गुंडाळू लागला.

मग प्रिंटर आपणहून कुरकुरला.

संगणकाला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मेहुणी खुर्चीत होती, खटपट्याच्या हातात केबल होती. प्रिंटरचा हिरवा दिवा मंद झाला, बहुधा बराच वेळ काम नाही म्हणून तो झोपायच्या बेतात होता, आणि झोपण्याआधी त्याने एक लेबल बाहेर टाकलं.

खटपट्याने ते उचललं. ते ट्रेमधल्या शेवटच्या पिशवीचं होतं. पण शेवटच्या पिशवीला लेबल लागलं होतं. ते त्याने स्वतः बघितलं होतं.

तो उभ्याउभ्याच हिशेब करू लागला. जुना प्रिंटर ओळ आली की ओळ छापायचा. हा नवा पूर्ण लेबल आपल्या पोटात धरून ठेवतो आणि "कागद पुढे सरकव" असा हुकूम मिळाला की मग बाहेर टाकतो. आणि हा जुना प्रोग्राम तो हुकूम लेबलाच्या शेवटी देत नाही, पुढच्या लेबलाच्या सुरुवातीला देतो. म्हणून पहिलं कोरं आलं. म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर जे आलं, ते पहिल्यांदा दाबलेलं होतं. आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी...

"ती पहिली पिशवी काढ," तो म्हणाला. "आणि दुसरी. दोन्हींची लेबलं वाच."

त्याचा आवाज ऐकून मेहुणी लगेच उठली. तिने शीतकपाटातून दोन पिशव्या काढल्या, एकमेकींशेजारी धरल्या. तिचे ओठ हलले. मग तिने दोन्ही लेबलं पुन्हा वाचली.

"एकच क्रमांक आहे दोघींवर."

"एकेक मागे पडलंय सगळं. पहिली पिशवी सोडली तर प्रत्येकीवर तिच्या आधीच्या पिशवीचं लेबल आहे. आपण पडदा वाचला आणि पिशवी बघितली. लेबल वाचलंच नाही आपण कोणी."

मेहुणीने फोन उचलला. शस्त्रक्रियागृहाचा नंबर गुंतलेला लागला. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा गुंतलेला.

"वर गेलेली पिशवी खरी कुठली?" तिने विचारलं. आवाज अगदी सपाट होता, आणि तेच खटपट्याला जास्त भीतिदायक वाटलं.

"ओ निगेटिव्हच्या पुढची."

तिने पडद्यावर बघितलं. "ए पॉझिटिव्ह. त्या बाईचा गट अजून कळलेला नाही. चुकीचं चढलं तर अर्ध्या वाटेतच..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तुम्ही पळा. दुसरा मजला, डावीकडचं दार. मी खरी ओ निगेटिव्ह शोधून पुन्हा तपासून आणते. पळा ना."

लिफ्ट वरच अडकली होती. खटपट्या जिन्याने सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, खिशात पाना खणखणतोय. पहिल्या वळणावर त्याचा श्वास फुलला, दुसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. त्याने दार दोन्ही हातांनी ठोठावलं.

दार फटीएवढं उघडलं. हिरव्या टोपीतल्या सिस्टरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आत येता येणार नाही. नातेवाइकांनी बाकावर बसायचं."

"ती रक्ताची पिशवी... लावू नका."

"काय?"

"पिशवीवरचं लेबल चुकलंय. आत ओ निगेटिव्ह नाही."

"तुम्ही कोण? रक्तपेढीतले?"

"नाही. मी प्रिंटरवाला."

सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. "प्रिंटरवाला येऊन सांगणार आम्ही रक्त द्यायचं की नाही? आत बाईचं रक्त जातंय. बाजूला व्हा."

दार मिटू लागलं. खटपट्याने पाय मध्ये घातला. आयुष्यात त्याने असं कधी केलं नव्हतं. रांगेत पुढे घुसणाऱ्यालाही तो काही बोलत नसे.

"सिस्टर, प्रिंटर मी जोडला. चूक माझी आहे. सगळी लेबलं एकेक मागे पडलीत, एकाच क्रमांकाच्या दोन पिशव्या खाली आहेत. मी खोटं बोलत असलो तर दोन मिनिटं वाया जातील. खरं बोलत असलो तर ती बाई जाईल. खाली फोन लावून विचारा. तुमचा फोन गुंतलेला लागतोय, म्हणून पळत आलोय."

सिस्टरने मान वळवली आणि आत मोठ्याने सांगितलं, "डॉक्टर, पिशवी थांबवा. लेबलबद्दल शंका आहे. आणि तो रिसीव्हर कोणी नीट ठेवला नाही ते बघा."

आतून कोणाचा तरी चढलेला आवाज आला. काय म्हणाले ते खटपट्याला कळलं नाही. सिस्टरने त्याच्या पायाकडे बघितलं. त्याने पाय काढला, दार बंद झालं.

पिशवी लावली होती की नव्हती? नळीतून किती गेलं होतं? विचारायला आता कोणी नव्हतं. तो भिंतीला टेकला.

"काय झालं?"

बाकावर एक वयस्क बाई बसली होती. शेजारी कपड्यांची मोठी पिशवी, मांडीवर घडी केलेली शाल. तिने सगळं ऐकलं होतं.

"आत माझी मुलगी आहे," ती म्हणाली. "रक्त चुकलं म्हणालात तुम्ही."

खटपट्याला वाटलं, काही तरी गुळमुळीत सांगावं. काळजी करू नका, सगळं ठीक होईल, असलं काही. पण त्या बाईने नजर हलवली नाही.

"हो. लेबल चुकलं. प्रिंटर मी जोडला होता. कळलं तसा धावत आलो."

"दिलं का तिला ते?"

"मला माहीत नाही."

बाईचे हात शालीवर घट्ट झाले. "म्हणजे चूक तुमची आणि जीव माझ्या लेकीचा."

त्याने मान खाली घातली. निघून जावं असं एकदा मनात आलं, पण पाय उचलेना. तो तिथेच उभा राहिला.

जिन्यात पावलं वाजली. मेहुणी धापा टाकत आली, डबा छातीशी धरलेला. तिने रक्तपेढीत काय केलं ते नंतर कळलं. ओ निगेटिव्हच्या आधीच्या पिशवीचं लेबल जिच्यावर लागलं होतं ती पिशवी तिने काढली, कारण खरी ओ निगेटिव्ह तीच असणार होती. पिशवीच्या नळीवर कारखान्यातूनच छापून आलेला क्रमांक असतो, तो तिने संगणकातल्या नोंदीशी जुळवला. तरीही विश्वास न ठेवता नळीतला थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घेऊन गट पुन्हा तपासला. कुठल्याच तपासद्रवाने गुठळी झाली नाही, म्हणजे ओ निगेटिव्हच, तेव्हाच ती उठली.

तिने दार ठोठावलं. तीच सिस्टर आली.

"मी स्वतः तपासलंय," मेहुणी म्हणाली. "हे माझ्या जबाबदारीवर. आधीचं किती गेलं?"

"नळी भरून घेतली होती. सुईला जोडायची बाकी होती."

मेहुणीने डबा दिला, दार मिटलं, आणि ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, जमिनीवरच. खटपट्याने तिला एवढं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या लग्नात त्याचे बूट लपवून भांडभांड भांडलेली ही मुलगी.

"भाऊजी," ती म्हणाली, "लेबल बघायचं काम माझं होतं. तुमचं नाही."

"तू मला वाचायला सांगितलंस. मी पडदा वाचला."

"मीच पडदा म्हणाले."

"असू दे. आता नको."

बाकावरच्या बाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग तिने शेजारची कपड्यांची पिशवी उचलून पायाशी ठेवली. जागा झाली. खटपट्याने मेहुणीला हात देऊन उठवलं, ती बाकावर बसली आणि मग तोही कडेला टेकला.

तो वेळ फार हळू गेला. एकदा एक मदतनीस आणखी पिशव्या आणायला खाली गेला, तेव्हा मेहुणी उठून त्याच्याबरोबर गेली आणि प्रत्येक पिशवी फरशीवर तपासूनच तिने वर पाठवली. तोवर आतल्या बाईचा गट कळला होता. तो बी पॉझिटिव्ह निघाला. वर आधी गेलेल्या पिशवीतलं रक्त तिला साफ सोसलं नसतं.

अखेर दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीखाली, डोळे थकलेले.

"रक्त थांबलंय," ते आईला म्हणाले. "गर्भाशय वाचवता आलं. आज तिला आत ठेवू, पण धोका टळलाय. बाळ बघायचंय का?"

आई उठली. दोन पावलं जाऊन थांबली, वळली. तिने खटपट्याकडे बघितलं. मग तिने शाल खांद्यावर घेतली आणि डॉक्टरांच्या मागे गेली.

संध्याकाळी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. त्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मेहुणी चूक आपली म्हणाली, खटपट्या आपली म्हणाला.

"चूक वाटून घेण्याची घाई नको," डॉक्टर म्हणाल्या. "चौकशी होईल, त्यात ज्याचं त्याला कळेल. हा जुना प्रोग्राम इतकी वर्षं चालू देणाऱ्यांमध्ये मीही आहे. आत्ता मला एवढंच सांगा, ट्रेमधल्या बाकीच्या पिशव्यांचं काय?"

"सगळ्या पुन्हा तपासणार," मेहुणी म्हणाली.

"प्रिंटर?"

"काढून ठेवलाय," खटपट्या म्हणाला. "तो सुधारता येईल. प्रत्येक लेबलाच्या शेवटी कागद सरकवायचा हुकूम घालायचा, एवढंच आहे. पण माझ्या शब्दावर चालू करू नका."

तो दुसऱ्या दिवशी परत गेला. दुरुस्ती चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झाली. पण मेहुणीने प्रिंटर चालू करू दिला नाही. तिने रिकाम्या पिशव्या साध्या पाण्याने भरल्या, त्यांना खोटे क्रमांक दिले आणि दिवसभर त्यांना लेबलं लावून घेतली. मध्येच प्रिंटर बंद केला, मध्येच केबल काढली, मध्येच त्याला झोपू दिलं. दर वेळी शिबिरावरून परतलेला एक सहकारी पिशवी वाची आणि दुसरा लेबल. पडद्याकडे बघायला तिने दोघांना मनाई केली होती.

खटपट्या कोपऱ्यात स्टुलावर बसून होता. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं. दुकानाला कुलूप होतं, गिऱ्हाइकांचे फोन येत होते, तो ते घेत नव्हता. शेवटची पिशवी झाल्यावर मेहुणी त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, घरी जा आता. ताईचा दोनदा फोन आला. जेवला नाहीत तुम्ही सकाळपासून."

"तू?"

"मीही नाही."

"मग चल," तो म्हणाला. "तिघं मिळून बसू."

तिने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि त्याच्याबरोबर निघाली.